पावसाळाभर ऑफलाइन मेल: तीन यंत्रांवर थंडरबर्ड

राजापूर-देवगड पट्ट्यात पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही बसते आणि रेंज जाते. म्हणून लॅपटॉप, फोन आणि ऑफिसचा पीसी, तिन्हीकडे मेल आधीच उतरलेला हवा. मार्चपासून तिन्हीकडे थंडरबर्ड हे मेलचं अ‍ॅप आहे, आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवर राहतो आणि तिन्हीकडे सारखाच दिसतो. मेल उतरवायची दुसरी पद्धत, पीओपी३, नकोच, तिच्यात एकीकडे वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेलाच दिसतो.

लॅपटॉपवर काम चोख. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'ला जाऊन सगळ्या फोल्डरचे मेसेज कॉम्प्युटरवर ठेवायची खूण करा. आभाळ भरून आलं की फाइल मेनूतून ऑफलाइन, मग 'डाउनलोड/सिंक नाऊ'. 'वर्क ऑफलाइन' लावून जुन्या मेलला जोडलेलं एखादं पीडीएफ उघडतंय का तेही बघून घ्या.

डोकं फिरतं ते फोनवरच्या आकारमर्यादेने, म्हणजे ठरलेल्या आकारापेक्षा मोठा मेल तिथे पूर्ण उतरत नाही. मेल यादीत दिसतो, मजकूर वाचता येतो, पण जोडलेली पावती उघडत नाही. खाली पूर्ण मेसेज डाउनलोड करायचं बटण येतं. रेंजच नसताना ते काय कामाचं? शिवाय मर्यादा लागते अख्ख्या मेलला, आणि फाइल मेलमधून जाताना बेस६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जाते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त फुगते. १ एमबीची मर्यादा ठेवली तर ८०० केबीचं पीडीएफही बाहेरच राहतं. मर्यादा सरळ काढून टाका आणि फोल्डरमागे किती मेसेज ठेवायचे तो आकडाही वाढवा. ही दोन्ही कलमं जास्त ठळक असायला हवी होती.

फोनवर ३० दिवसांचे मेल पुरेत, असं मे महिन्यापर्यंत मत होतं. गणपतीच्या बुकिंगांना एप्रिलमधले मेल लागायला लागले तेव्हा ते बदललं. आता सहा महिने ठेवलेत.

पहिला सिंक तिन्ही यंत्रांवर एकाच दिवशी लावू नका. जीमेल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीच उतरवू देतं, वर गेलं तर खातं काही काळ अडतं. आपला रोजचा डेटा पॅक तर त्याच्या आधीच संपतो. रोज एक यंत्र घ्या. डिस्क भरत चालली तर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करा, नाहीतर पुसलेले मेलही जागा धरून बसतात.

आणि हा बॅकअप नव्हे. फोनवर ऑफलाइन पुसलेला मेल रेंज आली की लॅपटॉपवरूनही जातो. जीएसटीची बिलं दर महिन्याला लॅपटॉपवरच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये (हे फक्त त्याच यंत्रावर राहतात) कॉपी करा. मूव्ह केलीत तर बाकी दोन यंत्रांवरून ती गेली.