दोन फुटांचा रीफ टँक, बेताचं बजेट: टी-५, काळी पेटी की ब्रँडेड एलईडी?

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा समुद्री टँक, करायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वॉटचा लाइट लागेल?’ पैसे वाया जायला सुरुवात इथूनच होते. वॉटवरून लाइट बिलाचा अंदाज येतो. प्रवाळाच्या अंगावर किती प्रकाश पडणार हे कळत नाही. टँकमध्ये कोणतं प्रवाळ राहणार हे आधी ठरवलं तर दुकानातले निम्मे दिवे यादीतून आपोआप गळतात, आणि गळतात ते बहुतेक महागातलेच.

तुलना हवेत नको म्हणून एक टँक समोर धरू. लांबी २ फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट, म्हणजे साधारण १२० लिटर. फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवलेला, क्लाउनफिशची जोडी, दगडांवर थोडी प्रवाळं. पहिल्यांदा रीफ करणाऱ्या बहुतेकांचा टँक याच आसपास असतो.

आता प्रवाळ कोणतं? आपल्याकडे या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायदाच देतो. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन ही २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हॅमर, टॉर्च, ब्रेन, ॲक्रोपोरा ही दुकानातली लाडकी नावं सगळी कठीण प्रवाळांचीच. ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर कागद मागायचे, आणि कागद नसतील तर तिथून निघायचं. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा शोभेला ठेवणंही याच कायद्यात येतं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा सहलीला गेल्यावर पाण्यातून दगडाचा तुकडा आणायचा विचारसुद्धा नको.

मग उरतात झोआंथिड (हौशी मंडळींचे ‘झोआ’), मशरूम कोरल, लेदर, झेनिया असे सॉफ्टी, म्हणजे कठीण सांगाडा नसलेली मऊ प्रवाळं. ही उरलीसुरली यादी आहे असं वाटून घेऊ नका. झोआंचे रंग कठीण प्रवाळांच्या तोडीचे असतात, पाण्याच्या चढउतारात हे जीव टिकतात, आणि दिव्याच्या बाबतीत त्यांची भूक माफक असते.

ती भूक मोजतात ‘पार’ या मापाने. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातला जो प्रकाश या कामाला उपयोगी पडतो, त्याचं मोजमाप म्हणजे पार. सॉफ्टींना साधारण ५० ते १०० पुरतो, ॲक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतो. महागड्या दिव्यांच्या जाहिरातीत दिसणारे आकडे या दुसऱ्या गटासाठी असतात. आपल्या टँकला त्यांची गरज नाही.

खोक्यावरचे ल्युमेन तर बघूच नका. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. शैवालांना हवा असलेला ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश तेवढ्याच शक्तीचा असला तरी डोळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के उजळ वाटतो. निळा दिवा बघून ‘अंधारच वाटतोय की’ म्हणत माणूस बटण वाढवत जातो आणि आठवडाभरात मशरूम आकसून पांढरी पडायला लागतात. सॉफ्टींच्या टँकमध्ये दिव्यामुळे नुकसान होतं ते बहुतेक वेळा जास्त प्रकाशाने. याच कारणाने फोनवरच्या लक्स (तेही डोळ्यावर बेतलेलंच माप) मोजायच्या ॲपचा निळ्या दिव्याखाली उपयोग नाही.

आता दिवे.

मेटल हॅलाइड हा जुना, जोरदार बल्ब एका परिच्छेदात संपवतो. पाण्यात हलणारी प्रकाशाची जाळी याच्याइतकी सुंदर कुठलाच दिवा पाडत नाही, हे जुने लोक सांगतात ते खरं आहे. पण २५० वॉटचा बल्ब चोकसकट २८० च्या घरात वीज ओढतो. रोज नऊ तास लावला तर महिन्याला ७५ युनिट. शिवाय तो पाणी तापवतो, मग चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), मग चिलरचं बिल. बेताच्या बजेटमध्ये कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

टी-५ ट्यूब, म्हणजे बारीक फ्लुरोसंट नळी, हिचं तसं नाही, तिच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दोन फुटांच्या टँकवर २४ वॉटच्या चार ट्यूबची पेटी बसते: तीन निळ्या, एक पांढऱ्याकडे झुकणारी. प्रत्येक ट्यूबमागे स्वतंत्र रिफ्लेक्टर असेल तर प्रकाश या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखा पसरतो. पावसाळी दिवसाच्या उजेडासारखा, ज्यात कशाचीच ठळक सावली पडत नाही. दगडाच्या कडेला, लेदरच्या छत्रीखाली लावलेल्या झोआंनाही वाटा मिळतो. एलईडीला हे सहज जमत नाही. नवख्या माणसाच्या हातून प्रवाळ भाजण्याची शक्यताही टी-५ खाली कमी.

खर्चाचं गणित मात्र पहिल्या दिवशी दिसत नाही. चार ट्यूब आणि चोक मिळून १०५ वॉट धरले तर नऊ तासांचे महिन्याला साधारण २८ युनिट होतात. तेही चालेल. पण ट्यूबचा वर्णपट हळूहळू सरकतो, म्हणून नऊ ते बारा महिन्यांत चारही बदलाव्या लागतात, आणि रीफच्या ट्यूब विजेच्या दुकानात मिळत नाहीत. मागवायच्या, वाटेत फुटल्या तर पुन्हा मागवायच्या. पुढे ही अडचण वाढत जाणार. युरोपीय संघाने सामान्य वापराच्या टी-५ ट्यूबची विक्री २०२३ मध्ये थांबवली. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी त्याच वर्षी, सरळ फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि व्यापार २०२७ पर्यंत संपवायचं ठरवलं. खास कामाच्या ट्यूबना सवलत असली तरी घराघरातली मागणी गेल्यावर कारखाने या छोट्या गिऱ्हाइकासाठी किती दिवस चालू राहतील? म्हणून नवी टी-५ पेटी आज विकत घेऊ नये असं माझं मत. कुणी चांगली जुनी पेटी स्वस्तात देत असेल आणि दोन वर्षांच्या ट्यूबची सोय असेल तर जरूर घ्या. घेताना ट्यूबच्या टोकांचे होल्डर गंजलेत का आणि रिफ्लेक्टरवर मिठाचा पांढरा थर चढलाय का एवढं बघा. रिफ्लेक्टर मंदावला की पेटीचा निम्मा गुण गेला.

‘काळी पेटी’ म्हणजे चिनी बनावटीची, ५५ एलईडींची, काळ्या पत्र्याची चौकोनी पेटी. ५५ गुणिले ३ वॉट, म्हणून नावात १६५. प्रत्यक्षात ती पूर्ण जोरावर १२० च्या आसपास वीज घेते. निळा आणि पांढरा असे दोन भाग, दोन बटणं. बस्स. ॲप नाही, ढगांची नक्कल नाही, चंद्रप्रकाश नाही. एका नावाजलेल्या छोट्या एलईडीच्या पैशात दोन काळ्या पेट्या येतात.

आपल्या टँकवर ही पेटी गरजेपेक्षा जोरकस आहे आणि खरं तर तोच तिचा फायदा. निळा ३० टक्के आणि पांढरा १० टक्क्यांवर ठेवली की ४० वॉटच्या आतबाहेर भागतं, महिन्याला ११ युनिट. कमी जोरावर एलईडी थंड राहतात आणि जास्त टिकतात. उद्या चार फुटांचा टँक केला तर आणखी एक पेटी शेजारी टांगायची, काम झालं.

दोष सांगतो. प्रत्येक एलईडीवर भिंग असतं, त्यामुळे प्रकाश मधे एकवटतो आणि कडा उपाशी राहतात. उपाय म्हणजे पेटी पाण्यापासून फूटभर वर टांगणं. पण मग उजेड टँकबाहेर सांडतो आणि संध्याकाळी सगळा हॉल निळा होतो. घरातल्यांना हे चालणार आहे का, ते पेटी घेण्याआधी विचारा. नंतर विचारण्यात अर्थ नसतो. निळे, पांढरे, लाल ठिपके वेगवेगळे असल्याने वाळूवर रंगांचे तुकडे नाचताना दिसतात, त्याची चीड येणारे लोक आहेत. आणि पंखा. समुद्री टँकवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडतातच, त्यातलं मीठ दोन-तीन वर्षांत पंख्याच्या बेअरिंगला धरतं. घरघर सुरू झाली की पंखा बदलायचा, तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. दुर्लक्ष केलं तर एलईडींची एक रांग जाते.

तिसरा पर्याय ब्रँडेड छोटा एलईडी. एआय प्राइम १६एचडी हे त्यातलं माहितीतलं नाव: जवळपास ६० वॉट, तळहातावर मावेल एवढा, साधारण दोन फूट बाय दोन फुटांवर प्रकाश टाकणारा. आपल्या टँकला एक पुरतो. त्याच वर्गात नूपसायकीसारखे चिनी दिवे त्याहून कमी किमतीत मिळतात आणि तेही फोनवरून चालतात. वेगवेगळे रंग स्वतंत्र कमीजास्त करता येतात, सकाळी हळूहळू उजाडतं, रात्री हळूहळू मावळतं. यातली खरी किंमत सोयीची आहे. झोआंना सूर्योदय हळू झाला काय नि टायमरने खटकन झाला काय, फारसा फरक पडत नाही. मासे मात्र एकदम उजाडल्यावर दचकतात. हॉलमध्ये उठून दिसणारा, उजेड आवरून धरणारा, फारसा आवाज न करणारा दिवा हवा असेल तर पैसे इथे घाला. प्रवाळ जास्त वाढेल म्हणून घालत असाल तर नको. टँक एक-दीड फुटाचा असेल तर केसिल ए८० हा १५ वॉटचा दिवाही पुरतो. त्याचे सगळे एलईडी एका ठिपक्यात दाटीने बसवलेले असल्याने वाळूवर रंगांचे तुकडे दिसत नाहीत.

चौथा पर्याय सुचवणारे मित्र प्रत्येकाला असतात: बाजारातून ५० वॉटचा निळा फ्लडलाइट आणि एक पांढरा आणून लावायचा. याने सॉफ्टी जगतात, खोटं नाही. पण या दिव्यांवर जोर कमी करायचं बटण नसतं आणि निळा नक्की किती नॅनोमीटरचा हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. सुटे एलईडी, हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) आणून स्वतः पेटी जोडणाऱ्यांना सलाम. पण खारट पाण्यावर उघडी जोडणी हा प्रयोग विजेचं काम येत नसलेल्याने करू नये.

बिलाचं बोलू. युनिटला १० रुपये धरले तर टी-५ आणि काळी पेटी यांत महिन्याला १७०-१८० रुपयांचा फरक पडतो, वर्षाला दोन हजारांच्या आसपास. महावितरणचे दर टप्प्यांनी वाढतात, तेव्हा घरचं बिल आधीच ३०० युनिटच्या कडेला असेल तर फरक जास्त जाणवेल. तरी टी-५ महाग पडते ती विजेमुळे कमी, दरवर्षीच्या चार ट्यूबमुळे जास्त.

उष्णतेचं गणित गावागणिक बदलतं. शंभर वॉट ओढणारा कुठलाही दिवा शेवटी तेवढीच उष्णता घरात सोडतो. एलईडीची बरीचशी मागच्या हीट सिंकमधून वर जाते, ट्यूबची बरीच पाण्यावर उतरते. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं, फक्त उडालेल्या पाण्याची भर रोज आरओच्या पाण्याने घालावी लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत हीच युक्ती फिकी पडते. तिथे पाणी २९ अंशांच्या वर जायला लागलं तर चिलरखेरीज पर्याय राहत नाही, म्हणून किनारपट्टीवर टी-५ च्या विरोधात हा आणखी एक मुद्दा. वीज गेली तर दिव्याची काळजी करू नका. एक-दोन दिवसांच्या अंधाराने प्रवाळ मरत नाही, पाण्याची हालचाल थांबल्याने मरतं. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) जोडा, दिवा नको.

माझी निवड विचाराल तर दोन फुटांच्या सॉफ्टी टँकसाठी काळी पेटी आणि दोन टायमर. टँक घरातल्या सगळ्यांच्या नजरेसमोर असेल आणि खिसा थोडा सैल असेल तर प्राइम किंवा नूपसायकीच्या वर्गातला एक दिवा. ॲनिमोन (क्लाउनफिश ज्यात घर करते तो समुद्री जीव) ठेवायचा असेल तर त्याला १५० च्या वर पार लागतो, पण त्यासाठी दिवा बदलावा लागत नाही, काळ्या पेटीचं बटण पुढे सरकवलं की झालं. क्लाउनफिशला ॲनिमोन लागतोच असंही नाही. ती लेदरमध्येसुद्धा मजेत लोळतात.

पार मीटर दिव्याहून महाग पडतो, तो विकत घेऊ नका. ओळखीच्या हौशी माणसाकडून किंवा दुकानातून एका संध्याकाळपुरता मागून आणा, वाळूवर, मधल्या दगडावर आणि वरच्या टोकाला मोजा, आकडे लिहून ठेवा. तो मिळाला नाही तर प्रवाळच सांगतं: झोआ उजेडाकडे लांब देठ काढून ताणले गेले तर प्रकाश कमी, मिटून बसले किंवा मशरूम आकसून काठाला वळली तर जास्त. पहिल्या आठवड्यात निळा १५-२० टक्क्यांवरच ठेवा आणि दर आठवड्याला पाच टक्के चढवा. दिवा लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं खारं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.