पर्स्वेड, कोक्स की कजोल?

आढेवेढे घेणाऱ्याला राजी करणं सांगायला इंग्रजीत क्रियापदं भरपूर आहेत, आणि आपण मात्र सगळीकडे ‘कन्व्हिन्स’ ठोकून देतो. ते बहुतेक वेळा खपूनही जातं. पण मेल किंवा गोष्ट लिहायला बसलात, की फरक पडतो.

आधी कन्व्हिन्स आणि पर्स्वेड. डॉक्टरांनी आजोबांना ऑपरेशनची गरज पटवली, तर कन्व्हिन्स. आजोबा ऑपरेशनला तयार झाले, तर पर्स्वेड. कन्व्हिन्सपुढे ‘ऑफ’ किंवा ‘दॅट’ येतं, पर्स्वेडपुढे ‘टू’ आणि क्रियापद. ‘कन्व्हिन्स्ड हिम टू गो’ आता सर्रास चालतं, जुन्या वळणाचे व्याकरणवाले मात्र अजून नाक मुरडतात. एकच शब्द घ्यायचा तर मी पर्स्वेड घेईन.

मराठी माणसाची गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. ‘मी त्याला खूप समजावलं, पण तो ऐकेना’ हे आपल्याकडे बिनचूक वाक्य. त्याचंच ‘आय पर्स्वेडेड हिम, बट ही रिफ्यूज्ड’ केलं, की इंग्रजी कानाला विसंगत वाटतं, कारण पर्स्वेडेड म्हटल्यावर तो तयार झालेलाच असतो. नकार कायम असेल तर ‘ट्राइड टू पर्स्वेड’ किंवा ‘अर्ज्ड’ लिहा. अर्जमध्ये आग्रह आहे, यशाची हमी नाही.

कोक्स मऊ आहे. बुजलेलं पोर, पलंगाखाली दडलेलं मांजर, थंडीत सुरू न होणारं इंजिनसुद्धा कोक्स करता येतं: धीर धरून, चुचकारत. कजोल (हो, उच्चार जवळपास नटीच्या नावासारखाच) त्याच्या शेजारचा, पण त्यात स्तुती आणि गोड थापांची लाडीगोडी असते. व्हीडल आणखी एक पायरी खाली, तिथे लाळघोटेपणाचा वास येतो. स्वतःबद्दल लिहिताना कोक्स निवडा. व्हीडल दुसऱ्यांसाठी ठेवा.

‘टॉक इन्टू’ म्हणजे भरीस घालणं. मित्राने ट्रेकला ओढून नेलं, तर झकास. पण साहेबांना पाठवायच्या मेलमध्ये ‘वी टॉक्ड द क्लायंट इन्टू इट’ लिहू नका, क्लायंटला गुंडाळलं असं वाचलं जाईल. पुढचं क्रियापद ‘इंग’ लावून येतं: ‘टॉक्ड मी इन्टू गोइंग’. ‘प्रिव्हेल अपॉन’ वजनदार आहे. अध्यक्षपद नको म्हणणाऱ्या ज्येष्ठाला गळ घालून उभं केलं, अशा ठिकाणी शोभतं, चहाच्या आग्रहाला नाही.

‘आर्म ट्विस्ट’ आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत दबावतंत्रासाठी येतं. इंग्रज मात्र केकचा दुसरा तुकडा पुढे केल्यावर हसत म्हणेल, ‘ओह, यू हॅव ट्विस्टेड माय आर्म’. म्हणजे खायचा होताच, फक्त आग्रहाची वाट पाहत होता. अशा वेळी सॉरी म्हणून प्लेट मागे घेऊ नका.

मन उलट दिशेला वळवायचं तर ‘टॉक आउट ऑफ’, किंवा औपचारिक ‘डिस्वेड’. त्यापुढे ‘फ्रॉम’ येतं, ‘टू’ नाही.