आहेर नको, पाकीट की यादी? फाल्गुनातल्या लग्नाआधी ठरवायची गोष्ट

पत्रिकेचा मजकूर ठरतो, मुहूर्त पुन्हा एकदा तपासून होतो आणि मग ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ घालायची की गाळायची, यावरून घरात दोन तट पडतात. येत्या फाल्गुन-चैत्रात तुमच्याकडे कार्य असेल तर हा वाद सुरू झालाच असेल. आमच्याकडे इंदूरला लेकीच्या लग्नात तो बरेच दिवस चालला. त्याआधी नात्यातल्या लग्नांत तिन्ही पद्धती जवळून पाहिल्या होत्या: सरळ ‘आहेर नको’, नेहमीची पाकिटं आणि हव्या त्या वस्तूंची यादी. आम्ही त्यातली एक निवडली. तुमचं घर वेगळं, माणसं वेगळी, तेव्हा तुम्हालाही तीच जमेल असा दावा नाही. पण ठरवताना आम्हाला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

वसंतातल्या लग्नाची एक अडचण आधी लक्षात घ्या. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात आणि नोकरी-धंदेवाल्यांची वर्षअखेर. पाहुणे मुक्कामाला येत नाहीत. संध्याकाळी येतात, जेवतात आणि रातोरात परततात. भेटवस्तूसाठी बाजार पालथा घालायला कुणाला सवड नसते, येताना वाटेत दिसेल ते उचललं जातं. भिंतीवरची घड्याळं आणि काचेचे सेट या दिवसांतल्या लग्नांत जास्त जमतात, असं मला तरी दिसलं आहे. दुसरीकडे एक सोयही आहे. इथली हिंदी भाषक घरं होळीआधीच्या आठ दिवसांत (होलाष्टकात) आणि पुढे सूर्य मीन राशीत असेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत, लग्न धरत नाहीत. आपल्या पंचांगांत मात्र त्या काळातलेही मुहूर्त सापडतात. त्यामुळे बर्तन बाजारात आणि सीतलामाता बाजारात आम्हाला निवांतपणे खरेदी करता आली. फक्त रंगपंचमीचा दिवस टाळा. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास खरेदीचं नावही काढू नये.

आता ‘आहेर नको’विषयी. या ओळीमागची भावना मला मनापासून पटते. येणाऱ्याने फक्त यावं, जेवावं, आशीर्वाद द्यावा. नोंदणी पद्धतीचं घरगुती लग्न असेल, सगळी माणसं एकमेकांना ओळखत असतील, तर यासारखं दुसरं काही नाही. काही घरं त्याऐवजी एखाद्या संस्थेच्या नावाने देणगीची पेटी ठेवतात; तेही चांगलं दिसतं. मोठ्या स्वागत समारंभात मात्र ही ओळ टिकत नाही. आणि ती टिकत नाही तेव्हा त्रास कुणाला होतो, ते मी पाहिलं आहे.

नात्यातल्याच एका लग्नाला देवासहून एक मावशी आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, छापलेला शब्द पाळायचा असतो हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ होतं म्हणून त्या खरोखर काही न आणता आल्या. स्टेजच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. पुढचा माणूस कोटाच्या खिशातून पाकीट काढतो, नवरदेव ‘अहो, कशाला’ म्हणतो आणि शेजारी उभी असलेली करवली ते मखमली पिशवीत टाकते. त्याच्या पुढच्यानेही तेच केलेलं, त्याच्याही पुढच्याने तेच. मावशींनी पर्स उघडली, आतल्या आत काहीतरी चाचपलं आणि मागे वळून हळूच विचारलं, ‘एखादं कोरं पाकीट आहे का रे तुझ्याकडे?’ नव्हतं. शेवटी त्यांनी नोटांची घडी करून ती नवरीच्या मुठीत ठेवली, नाव नाही, गाव नाही, आणि फोटोलाही न थांबता उतरल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या, ‘घ्यायचं होतं तर छापायचं नाही, आणि छापलं तर घ्यायचं नाही.’

आमच्या निर्णयात या एका गोष्टीचं वजन सर्वांत जास्त पडलं. ‘आहेर नको’ लिहून पाकिटं घेतली की सांगितलेलं ऐकणारा पाहुणाच सगळ्यांसमोर उघडा पडतो. ती ओळ छापायची तर दारापासून स्टेजपर्यंत प्रत्येक पाकीट हात जोडून परत करायची तयारी हवी आणि त्या कामाला खमकी माणसं उभी करायला हवीत. आमच्याकडे ती नव्हती. शिवाय इंदूरचा मामला निराळा. आपली अर्धीअधिक ओळख मालवी, मारवाडी, गुजराती शेजाऱ्यांची. त्यांच्या मुलींच्या लग्नांत आपण दिलेलं त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं आणि ते परत केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या समोरचे जैन काका तर हळदीच्या दिवशीच दारात येऊन म्हणाले, ‘भैया, व्यवहार तो लिखना पड़ेगा.’ त्यांना नको म्हणणं मला तरी अपमानासारखं वाटलं.

पाकिटाला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. देणाऱ्याला सोपं, घेणाऱ्याला उपयोगी. एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असलं की झालं. नवं घर मांडणाऱ्या जोडप्याला घराच्या डिपॉझिटसाठी पैसेच लागतात, घड्याळ नव्हे. दोष एवढाच की ते पैसे बहुधा दुसऱ्या दिवशी हॉल, केटरर आणि मंडपवाल्याच्या हिशेबात जिरतात आणि जोडप्याला कुणी काय दिलं याची आठवण राहत नाही. माझ्या आईच्या लग्नातली आहेराची वही अजून आमच्या घरात आहे. शाईच्या अक्षरात नाव, गाव आणि पुढे ‘रु. ११’, ‘पातळ’, ‘पितळी डबा झाकणासह’. तो डबा आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे आणि कुणी दिला ते सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा रुपये देणाऱ्यांची माया काही कमी नव्हती, पण त्यांची नावं आता वही उघडल्याशिवाय आठवत नाहीत.

पाकिटं घ्यायचीच असतील तर दोन गोष्टी पाहा. एक, हल्ली स्टेजपाशी क्यूआर कोड ठेवतात, तो जोडप्याच्याच खात्याचा असू द्या. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, पण ही सूट ज्याचं लग्न आहे त्याला असते, त्याच्या आईवडिलांना नाही. बापाच्या खात्यात मित्रमंडळींचे पैसे जमा होऊन वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेले तर ते त्याच्या उत्पन्नात धरले जाऊ शकतात. दोन, एका माणसाकडून एका कार्यासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७पासून मनाई आहे. मामा-काका मोठी रक्कम देणार असतील तर चेकने किंवा बँकेतून देऊ द्या.

आता यादी. दुकानात नवरा-नवरीने हव्या त्या वस्तूंची नोंद करून ठेवायची ही पद्धत अमेरिकेतली. शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाने ती १९२४मध्ये सुरू केली असं सांगतात. आता ती मोबाइलवर आली आहे. मुलं एक लिंक पाठवतात, पाहुणे वस्तू निवडून पैसे भरतात, वस्तू घरपोच येते. माझ्या एका भाच्याने हे केलं. बंगलोरच्या त्याच्या मित्रांना ते फारच सोयीचं गेलं आणि तुमचे पाहुणे बहुतेक त्या वयाचे असतील तर मी आडवा येणार नाही. पण आमच्या पिढीचं काय? २०२४मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाइली (उघडल्या की मोबाइलमध्ये अॅप बसवणाऱ्या) पाठवून खाती साफ केल्याचे प्रकार झाले आणि पोलिसांनी तसे इशारेही दिले. तेव्हापासून आपणच घरातल्या वडीलधाऱ्यांना बजावतो की लग्नाच्या नावाने काहीही आलं तरी उघडू नका. त्यांनाच लग्नाची लिंक कशी पाठवायची? दुसरं म्हणजे, यादीत प्रत्येक वस्तूपुढे किंमत दिसते. आत्याने तवा घेतला आणि काकाने वॉशिंग मशीन, हे सगळ्यांना कळावं हे मला रुचत नाही. तिसरं, भाच्याकडे आलेल्या खोक्यांपैकी कित्येकांवर पाठवणाऱ्याचं नावच नव्हतं. आभार मानायचे कुणाचे?

तरीही यादीची गरज खरी आहे. आमची लेक पुण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार, स्वयंपाक इंडक्शनवर. इंडक्शनवर लोखंड चालतं, चुंबक चिकटेल असं स्टील चालतं. नुसतं पितळ, तांबं, अॅल्युमिनियम तापतच नाही. हे पाहुण्यांना कसं कळणार? बर्तन बाजारातून कौतुकाने घेतलेलं जड पितळी पातेलं तिच्याकडे शोभेला राहिलं असतं. नव्या जोडप्याच्या अशा गोष्टी कुणीतरी सांगायला हव्यात, आणि आईबापाने सांगितल्या तर त्या मागणीसारख्या वाटतात.

म्हणून आम्ही यादी केली, पण ती ना छापली, ना व्हॉट्सअॅपवर टाकली. ती माझ्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे लेकीच्या आत्याकडे, एका शाळेच्या वहीत राहिली. पत्रिकेत आहेराविषयी एक अक्षर नाही. ज्यांनी आपणहून विचारलं, ‘मुलीला काय देऊ?’, त्यांना आम्ही म्हणायचो, ‘तिच्या आत्याला फोन करा.’ आणि आत्या फोनवर: ‘वहिनी, कुकर तर आमच्या नागपूरच्या काकूंनी घेतला. लोखंडी तवा राहिलाय, मिक्सर राहिलाय आणि निरांजन-ताम्हण राहिलंय. नाहीतर दोघी-तिघी मिळून मिक्सर घ्या ना.’ बोलणाऱ्याच्या आवाजावरून तिला अंदाज येतो की कुणाला काय सुचवावं. हे कोणत्याही अॅपला जमणार नाही, असं माझं मत. वस्तू ठरली की नाव लिहून ओळ खोडायची. कुणाला पाकीटच द्यायचं असेल तर ती म्हणते, ‘द्या ना, त्यात काय’, आणि विषय संपतो.

यादीत काय घालू नये हेही सांगतो. चांदी नको. २०२५मध्ये चांदीचे भाव असे चढले की सराफ्यात साध्या निरांजनाची किंमत ऐकून माणूस गप्प होतो. ज्याला द्यायची तो देईलच. साडी नको, कारण साडी निवडणं हा देणारीचा आनंद आहे. फार तर ऋतूची आठवण करून द्यावी. पुढे वैशाखाचं ऊन आहे, भरजरी साडी दिवाळीपर्यंत कपाटातच राहील. महेश्वरी मात्र लगेच नेसता येते. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, अंगाला हलकी, आणि किनार दोन्ही बाजूंनी वापरता येते. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. विणकरांच्या मागावरचीच हवी असेल तर एक दिवस काढून जाऊन यावं.

एका बाबतीत मात्र मी मागेपुढे पाहणार नाही. यादी जोडप्याची असावी आणि ती आपापल्या नातलगांपुरतीच राहावी. वराच्या घरून वधूच्या घरी यादी गेली, कितीही गोड शब्दांत गेली, तरी तो हुंडाच. १९६१च्या कायद्याने नुसती मागणी करणंही गुन्हा आहे. न मागता, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना मनाई नाही, पण त्यांची नोंद ठेवावी लागते. १९८५च्या नियमांप्रमाणे वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि खाली दोघांच्या सह्या. आपल्या जुन्या आहेराच्या वहीत एक-दोन रकाने वाढवले की काम होतं. आत्याची वही आम्ही यासाठीच वापरली, पाकिटंही त्यातच लिहिली. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी शेवटच्या पानावर सह्या केल्या.

पाहुणे हजारभर असतील आणि अर्धे धंद्यातले, तर नुसती पाकिटंच बरी. इतके फोन आत्या तरी किती घेणार? लग्न अगदी लहान असेल तर ‘आहेर नको’ छापा आणि शेवटपर्यंत पाळा. मधल्या आकाराच्या, दोन-तीन शहरांत पांगलेल्या आपल्यासारख्या घरांना वही आणि फोन मला बरा वाटतो. त्यासाठी माणूस नीट निवडा: फोन उचलणारा, कुणाचं काय ठरलं हे दुसऱ्याला न सांगणारा, आणि शक्यतो वधू-वरांच्या आईवडिलांपैकी नसलेला. पत्रिका वसंत पंचमीनंतर वाटायला काढणार असाल तर वही त्याच्या आधी तयार ठेवा. पहिली पत्रिका हातात पडली की संध्याकाळीच ‘काय देऊ?’ असा फोन येतो, आणि पहिले केळवण होईपर्यंत निम्म्या ओळी खोडलेल्या असतात.