टुलुम की कोझुमेल? शेवाळाच्या दिवसांत

मे ते ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जाणार असाल, तर हॉटेलचे फोटो नंतर बघा. आधी किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघा. मुख्य भूमीवरच्या टुलुमचं पूर्वेला आहे. २०११ पासून अटलांटिकमधून वाहत येणारं सारगॅसम नावाचं समुद्री शेवाळ वारा नेमकं तिथेच आणून टाकतो. हातात घेतलं तर तपकिरी झुडूपच, त्याला मिरीएवढे हवेचे फुगे. त्यांच्यावरच ते तरंगतं. ताजं असताना निरुपद्रवी. पण दोन दिवस उन्हात कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. पायातले चांदीचे पैंजणसुद्धा काळे पडतात!

कोझुमेल बेटाची पश्चिम बाजू मुख्य भूमीकडे तोंड करून असल्याने बहुतेक वेळा स्वच्छ राहते. मुख्य भूमीवरच्या प्लाया देल कार्मेन गावाहून फेरीबोटीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. वाळू मात्र टुलुमइतकी लांबरुंद नाही, बरेच ठिकाणी खडकच. पण पाण्याखालची प्रवाळं बघायची तर इथेच. (पूर्व बाजूला जाऊ नका, तिथे तेच शेवाळ.)

माझं मत: मुक्काम कोझुमेलला. टुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष आणि सेनोते (गोड्या पाण्याने भरलेली नैसर्गिक विवरं) एका दिवसात उरकतात.