नायट्रायडिंगपूर्वीचे वॉशिंग मशीन : 8 महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात ईएन 41बी पोलादाचे स्पिंडल (यंत्रातले फिरते दांडे) तयार होतात आणि ग्राइंडिंगनंतर गॅस नायट्रायडिंगसाठी, म्हणजे अमोनियातला नायट्रोजन भट्टीत पोलादात मुरवून पृष्ठभाग कठीण करण्यासाठी, बाहेर जातात. पूर्वी आम्ही ते केरोसीन आणि ब्रशने धूत असू. त्याचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून 8 महिन्यांपूर्वी गरम अल्कली फवाऱ्याचे हे मशीन घेतले. पहिले दोन महिने मी भेटेल त्याच्याजवळ त्याची स्तुती करत होतो. धुतलेल्या जॉबवर, म्हणजे स्पिंडलवर, ओतलेले पाणी थेंबांत न फुटता सलग पसरत असे, आणि तेल गेल्याची ही खूण मला पुरेशी वाटे.

तिसऱ्या महिन्यात 40 पैकी 11 स्पिंडल नापास झाले. करड्या पृष्ठभागावर कॉलरजवळ नखाएवढे चकचकीत ठिपके होते. एरवी घसरणारी कानस तिथे धातू कापत होती. कठीणपणा इतरत्र 950 एचव्ही (विकर्स हे कठीणपणाचे माप) आणि ठिपक्यावर 410 भरला. मी भट्टीवाल्यांशी भांडलो, आणि ते माझे चुकले. अमोनियाचा प्रवाह बिघडला असता, तर असे तुरळक ठिपके न येता सगळाच माल कमी-अधिक मऊ निघाला असता.

दोष धुण्यातच होता. मशीनसोबत आलेल्या क्लीनरमध्ये सिलिकेट होते. ते जॉबवर वाळले की न दिसणारा पापुद्रा धरते आणि 520 अंशांच्या भट्टीतही नायट्रोजनला पोलादात शिरू देत नाही. शिवाय ते तेलासारखे पाणी झिडकारत नाही, त्यामुळे माझ्या पाण्याच्या चाचणीत ते सापडणे शक्यच नव्हते.

माझा खरा राग मात्र टाकीवर आहे. धुणे आणि खळबळणे एकाच टाकीच्या पाण्यात होते, आणि ड्रेन व्हॉल्व्ह तळापासून दोन बोटे वर बसवल्यामुळे गाळ कधीच पूर्ण निघत नाही. अडीच लाख रुपये मोजूनही दर शनिवारी आमचा माणूस तो मगाने उपसतो, हे मला सहन होत नाही.

आता सिलिकेटविरहित क्लीनर वापरतो, वेगळ्या ड्रममधल्या गरम डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात जॉब खळबळतो, लगेच गरम हवेने वाळवतो आणि सुती हातमोज्यांशिवाय कोणाला हात लावू देत नाही. ड्रम आणि हीटरचे 9 हजार रुपये माझ्या खिशातून गेले, पण गेल्या 5 महिन्यांत एकही ठिपका आलेला नाही. त्यामुळे मशीन काढून टाकण्याचा विचार मी सोडला आहे. नवीन घेणाऱ्यांनी मात्र खळबळण्यासाठी स्वतंत्र रिन्स टाकी आणि अगदी तळाशी व्हॉल्व्ह या दोन गोष्टी ऑर्डरमध्येच लिहून घ्याव्यात. मी नंतर केलेल्या तीन लेखी मागण्यांना विक्रेत्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.