ब्रेस रात्रीचा की दिवसभराचा?

मुलाच्या पाठीच्या कण्याचा बाक (स्कोलिओसिस) २५ अंशांच्या पुढे गेलाय, वाढ अजून बरीच शिल्लक आहे आणि डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे धडाभोवती पट्ट्यांनी आवळून घालायचा कडक साचा, सुचवलाय, अशा टप्प्यावर आलेल्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. कॉब कोन (बाकाचं अंशांतलं माप), रिसर (हाडांची वाढ कितपत पुरी झालीय ते सांगणारा शून्य ते पाचमधला आकडा) हे शब्द एव्हाना तुमच्या तोंडी बसले असतील. आता प्रश्न एवढाच की ब्रेस फक्त झोपताना घालायचा घ्यावा की अठरा तासांचा. आमच्या लेकीने दोन्ही वापरले, आधी रात्रीचा आणि मग दिवसभराचा.

रात्रीचा घेताना आम्ही फारसा विचार केलाच नव्हता. मुलगी बारा वर्षांची, शाळेत कुणाला कळणार नाही, खेळ चालू राहील, यातच सगळं आलं असं वाटलं. आणि त्याला पुरावा नाही असंही नाही. स्वीडनमधल्या सहा रुग्णालयांत २५ ते ४० अंशांचा बाक असलेल्या १३५ मुलामुलींवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या गटात जाणार हे त्यात चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. रात्रीचा ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांचा बाक सहा अंशांहून जास्त वाढला नाही. रोजची शारीरिक हालचाल वाढवायला सांगितलेल्यांमध्ये असे ५३ टक्के निघाले.

दिवसभराच्या ब्रेसचा मोठा आधार म्हणजे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिका-कॅनडातला अभ्यास. त्यात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्केच राहिली. ७६ आणि ७२ शेजारी ठेवून रात्रीचाच सरस म्हणायचा मोह मलाही झाला होता, पण दोन्हीकडची फूटपट्टी वेगळी आहे. एकीकडे सहा अंशांची वाढ मोजलीय, तर दुसरीकडे ५० अंशांची रेघ, जिथे शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू होतं. जुन्या थेट तुलनाही एका बाजूच्या नाहीत. १९९७ च्या तुलनेत दिवसभराचा बॉस्टन ब्रेस रात्रीच्या चार्ल्सटनपेक्षा उजवा ठरला, तर २००७ च्या तुलनेत रात्रीचा प्रॉव्हिडन्स दिवसभराच्या ब्रेसपेक्षा उजवा ठरला. नुसत्या आकड्यांवर कौल लावणं मला तरी जमलं नाही.

आमचा कौल झोपेने लावला.

रात्रीचा ब्रेस अंगाला उलट्या बाजूला बराच जोर लावून वाकवतो. थोड्या तासांत काम उरकायचं असल्याने त्याला तसं करावंच लागतं, आणि म्हणूनच तो घालून धड चालता-बसता येत नाही. आमची लेक लहानपणापासून कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपणारी. पहिला आठवडा तिने दात आवळून काढला. मग रात्री दोन-अडीचच्या सुमाराला शेजारच्या खोलीतून पट्टे सुटल्याचा आवाज यायला लागला आणि सकाळी ब्रेस पलंगाखाली सापडायला लागला. हा तिचा हट्ट नव्हता. अर्धवट झोपेत हात आपोआप पट्ट्यांकडे जायचे, सकाळी तिला आठवायचंही नाही. आम्ही उठवून परत घालायचो, मग ती जागी, आम्हीही जागे, आणि शाळेत तिची मान डुलायला लागलेली. दोन महिने असेच गेले.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की आठातले चार तास गेले की गेलेच. दुसऱ्या दिवशी ते भरून काढायला जागाच नाही.

दिवसभराच्या ब्रेसमध्ये ती जागा आहे. २०१३ च्या अभ्यासात ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर बसवलेला होता, त्यामुळे खरे तास कळले. सांगितले होते निदान १८, पण पहिल्या सहा महिन्यांत घातले गेले सरासरी १२ च्या आसपास. तरीही रोज १२.९ तासांहून जास्त घालणाऱ्यांत यशाचं प्रमाण ९० टक्के आणि वर होतं. हे वाचलं तेव्हा खूप हायसं वाटलं. एखादी रात्र वाईट गेली, एखादा दिवस सामन्यात गेला, तरी हिशेब जुळवता येतो.

त्रास यातही आहेच, तो लपवत नाही. उकडतं, पोटभर जेवल्यावर दाबतं, खाली पडलेली पेन्सिल उचलायला पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसावं लागतं. आत शिवण नसलेला बनियन हवा, नाहीतर वळ उठतात. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात मावळणारी लाली चालते. त्याहून जास्त टिकली तर ब्रेस बनवणाऱ्यांकडे जायचं. शाळेत घालून जायचा पहिला दिवस तिला फार जड गेला. तिने आधी दोनच मैत्रिणींना सांगितलं, मग हळूहळू सगळ्यांना कळलं. पण खेळायला जाताना कधी काढायचा आणि ते तास कुठे भरायचे, हे ती स्वतः ठरवते. आमच्या ब्रेसमध्येही सेन्सर आहे. तो बसल्यापासून ‘घातलास का?’ हा प्रश्न आमच्या घरातून गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमचं मूल पाठीवर गाढ झोपणारं असेल आणि बाक कमरेच्या बाजूला, एकच असेल, तर डॉक्टर आधी रात्रीचा सुचवतील आणि त्यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या लेकीचा बाक छातीच्या मणक्यांत होता, हेही लक्षात घ्या. कोणताही घेतलात तरी ब्रेस घालून काढलेला एक्स-रे बघायला मागा. बाक आत किती सरळ होतोय हे त्यातच दिसतं. आणि माप द्यायला जाण्याआधी आठवडाभर मूल कसं झोपतं ते नीट बघा. आम्ही बघितलं नव्हतं.

ब्रेस सुरू केला तेव्हा बाक ३१ अंश होता. गेल्या एक्स-रेत ३३ आला, म्हणजे मोजण्यात पाचेक अंशांचा फरक पडतो त्याच्या आतच. रिसर आता तीनवर आहे.