बीटामेथासोन आणि फ्युसिडिक ॲसिड क्रीम: दोन औषधांच्या एका ट्यूबचं परीक्षण

या ट्यूबवर दोन नावं असतात: बीटामेथासोन ०.१ टक्के, व्हॅलरेटच्या रूपात, आणि फ्युसिडिक ॲसिड २ टक्के. म्हणजे एका ग्रॅम क्रीममध्ये १ मिलिग्रॅम स्टेरॉइड आणि २० मिलिग्रॅम प्रतिजैविक. वेगवेगळ्या कंपन्या ते वेगवेगळ्या नावांनी विकतात, आतला माल तोच. खाजवून फुटलेलं, लस गळणारं, मधाच्या रंगाच्या खपल्या धरलेलं इसब असेल, चट्टा लहान असेल आणि डॉक्टरांनी तो डोळ्यांनी पाहून हे दिलं असेल, तर सात ते चौदा दिवसांसाठी हे फार चांगलं औषध आहे. या चौकटीबाहेर ते नुकसान करतं. आणि घरातल्या कपाटात पडलेली ट्यूब बहुतेक वेळा या चौकटीबाहेरच वापरली जाते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायचं.

दोन औषधांची कामं वेगळी आणि वेगही वेगळे. स्टेरॉइड त्वचेतला दाह दाबतं: रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, खाज थांबते. हे एक-दोन दिवसांत जाणवायला लागतं. फ्युसिडिक ॲसिड जंतूंची प्रथिनं बनवण्याची प्रक्रिया अडवतं. १९६२ पासून वापरात असलेलं हे प्रतिजैविक मुख्यतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर चालतं, आणि चिघळलेल्या इसबात सापडतो तो बहुतेक वेळा हाच. पण त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी वाटलेला आराम हा स्टेरॉइडचा असतो, जंतू गेल्याचा पुरावा नसतो. खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी ट्यूब बाजूला ठेवणारे आणि आराम पडतो म्हणून दोन महिने लावत राहणारे, दोघांचीही गल्लत एकच होते. ते खाजेकडे बघतात. बघायचं असतं चट्ट्याच्या कडेकडे: लस सुकली का, नवी खपली धरते का, कड पुढे सरकते का, दाबल्यावर दुखतं का. सावळ्या त्वचेवर लाली लालसर दिसेलच असं नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा करडी दिसते. त्यामुळे रंगापेक्षा ऊब, सूज आणि दुखणं यांवर जास्त विश्वास ठेवा.

बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्के हे तीव्र गटातलं स्टेरॉइड आहे. त्वचेवरच्या स्टेरॉइडचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे चार गट धरले, तर हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का सौम्य गटात येतं आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के अतितीव्र गटात. आकड्यांची फसगत इथे होते. ०.०५ हा १ पेक्षा लहान आकडा असला तरी क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिझोनपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस आहे. टक्केवारीवरून ताकद ठरवू नका, रेणूचं नाव वाचा.

आता प्रमाण. 'थोडंसं लावा' या सूचनेने कुणाचंच भलं होत नाही. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले यांनी बोटाच्या पेराचं माप सुचवलं आणि आजही तेच सगळ्यात सोयीचं आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून एक सरळ रेघ काढायची. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असेल, तर त्या रेघेत सुमारे अर्धा ग्रॅम क्रीम असतं. तेवढ्यात दोन तळहातांइतकी जागा, जुळवून धरलेल्या बोटांसकट, व्यवस्थित झाकली जाते. तळहाताएवढ्या एका चट्ट्याला एका वेळी अर्धं पेर. दिवसातून दोनदा धरलं तर दिवसाला अर्धा ग्रॅम, आठवड्याला साडेतीन ग्रॅम, पूर्ण चौदा दिवसांना सात ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब इथे निम्मी उरायला हवी. ती आठवड्यात संपली असेल तर थर जाड लागतोय किंवा जागा वाढत चाललीय. उलट बाजूने पाहा: पाऊल सोडून एका अख्ख्या पायाला सहा पेरं लागतात, म्हणजे दोन वेळचे सहा ग्रॅम, आणि ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत खलास. इतका मोठा भाग चिघळला असेल तर क्रीमवर भागवणं चूक आहे. कदाचित पोटातून औषध लागेल, तो निर्णय डॉक्टरांचा. लहान मुलाला लावतानाही माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं, फक्त पेरं कमी. मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे औषध शरीरात जास्त शिरतं. मोठ्या भागावर बरेच दिवस लावलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनणं मंदावू शकतं. मुलांसाठी दिवस आणि जागा दोन्ही डॉक्टरांकडून नेमकं विचारून घ्या.

लावायची पद्धत साधी आहे, पण क्रम पाळा. हात साबणाने धुवा. चट्टा कोमट पाण्याने धुऊन सैल झालेली खपली हलकेच निघू द्या. ओढून काढू नका. मात्र जाड, पक्क्या खपलीवर क्रीम फासलं तर ते खाली पोहोचतच नाही, म्हणून आधी ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटं भिजवा. टिपून कोरडं करा, घासू नका. पेरावरचं क्रीम चट्ट्यावर ठिपक्यांनी टाका आणि केसांच्या दिशेने पातळ पसरवा. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झालं. चोळून जिरवायची गरज नाही. मग हात पुन्हा धुवा, हातावरच लावलं असेल तर अर्थातच नाही. डोळ्यांत जाण्याचा धोका खरा आहे: पापण्यांजवळ वारंवार लावलेल्या स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो, पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. मॉइश्चरायझर चालू असेल तर दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. आधी कोणतं आणि नंतर कोणतं यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. एकावर लगेच दुसरं लावलं की क्रीम पातळ होतं आणि नको तिथे पसरतं, एवढं टाळलं की पुरे. एक वेळ चुकली तर आठवल्यावर लावा, पुढच्या वेळी दुप्पट नको.

झाकायचं नाही. पट्टी, प्लास्टिक, घट्ट मोजे किंवा बाळाचा डायपर, यांच्याखाली स्टेरॉइड कैक पटींनी जास्त शोषलं जातं आणि ओल्या उबेत जंतूही फोफावतात. झाकायला सांगितलं असेल तरच झाका. या क्रीमच्या बेसमध्ये पॅराफिन असतं. ते कपड्यात किंवा चादरीत मुरलं की कापड झटकन पेट घेतं, आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघेल याची खात्री नसते. क्रीम चालू असेपर्यंत सिगारेट, काडेपेटी आणि गॅसच्या ज्योतीपासून लांब राहा.

कुठे लावता यावर अर्धा खेळ ठरतो. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं हे मोजलं. हाताच्या पुढच्या भागातलं शोषण १ धरलं, तर तळपायातून ०.१४, तळहातातून ०.८३, डोक्याच्या त्वचेतून ३.५, काखेतून ३.६, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि अंडकोषाच्या त्वचेतून ४२. तीच ट्यूब, तीच बोटभर रेघ, आणि परिणामात एवढी तफावत. तीव्र स्टेरॉइड चेहऱ्यावर रोज लावलं की तोंडाभोवती बारीक पुरळ, लाल पसरलेल्या केशवाहिन्या आणि मुरमांसारखे फोड येतात. जांघेत आणि काखेत त्वचा पातळ होऊन ताणाच्या रेषा उमटतात, आणि त्या रेषा पुसल्या जात नाहीत. रंग फिकट पडणं आणि बारीक केस वाढणं हेही होतं, पण ते बऱ्याचदा हळूहळू सुधारतं. चेहरा, मान, जांघ, काख आणि गुप्तांग इथे हे क्रीम स्वतःच्या मनाने लावायचंच नाही.

सगळ्यात मोठी गडबड होते ती गजकर्णावर. हे क्रीम बुरशीवर चालत नाही. गोल, कडेला खवलेदार, मध्ये थोडा बरा होत चाललेला चट्टा असेल आणि त्यावर हे लावलं, तर स्टेरॉइड खाज थांबवतं, कडा पुसट करतं आणि बुरशीला आतल्या आत पसरायला मोकळं रान देतं. लावणं थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन उसळतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्ये या रूप बदललेल्या गजकर्णाला 'टिनिया इनकॉग्निटो' असं नाव दिलं. अशा चट्ट्याचं निदान डोळ्यांनी करणं अनुभवी डॉक्टरांनाही जड जातं. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. डॉक्टरांकडे जाताना कोणती ट्यूब किती दिवस लावली ते सांगायला लाजू नका. शक्य असेल तर ट्यूबच घेऊन जा. खरूज, नागीण, कांजिण्या, ओठावरचे तापाचे फोड, मुरुमं यांवरही हे लावायचं नाही. खरजेत तर खाज दबते आणि किडे तसेच राहतात, घरभर पसरतात.

शेजारच्या उत्पादनांशी तुलना करायची तर हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का आणि मिकोनाझोल २ टक्के हे मिश्रण जास्त समंजस आहे. स्टेरॉइड सौम्य, बुरशीविरोधी औषध चांगलं, त्वचेच्या घड्यांमधल्या सुजलेल्या बुरशीवर थोडे दिवस योग्य. फक्त रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मिकोनाझोल लावण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्याने रक्त जास्त पातळ होऊ शकतं. बीटामेथासोन आणि क्लोट्रिमाझोल या जोडीबद्दल आम्ही फारसं चांगलं बोलणार नाही. बुरशीवर तीव्र स्टेरॉइडची गरज क्वचितच असते, आणि अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात १७ वर्षांखालच्यांना आणि डायपरच्या पुरळावर ते वापरू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध अशी तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली क्रीम तर निदान टाळण्याची सोय आहे. त्यातलं एक लागू पडतं, उरलेली फुकट त्रास देतात.

फ्युसिडिक ॲसिडचा कच्चा दुवा म्हणजे जंतूंचा प्रतिरोध. जास्त दिवस किंवा पुन्हा पुन्हा लावलं की स्टॅफिलोकॉकस त्याला दाद देईनासा होतो. म्हणूनच चौदा दिवसांची मर्यादा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात तर म्हटलंय की इसब चिघळलेलं असलं तरी रुग्णाला ताप वगैरे नसेल, तर सरसकट प्रतिजैविक देऊ नये. बऱ्याच वेळा नुसतं स्टेरॉइड आणि भरपूर मॉइश्चरायझर एवढ्यावर त्वचा सावरते, कारण दाह उतरला की जंतूंना बसायला जागा उरत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी हे क्रीम दिलं तर एक प्रश्न जरूर विचारा: लस सुकल्यावर पुढे काय लावायचं? योग्य उत्तर बहुधा प्रतिजैविक नसलेलं साधं स्टेरॉइड किंवा नुसतं मॉइश्चरायझर असं असेल. दोनातल्या एका औषधाचं काम संपलं की ही ट्यूबही संपली असं समजायचं.

पाच ते सात दिवसांत कड जराही मागे हटली नाही, तर दिवस वाढवत बसू नका. कारणं तीन असू शकतात: जंतू प्रतिरोधक आहे, निदान वेगळं आहे, किंवा क्रीमचीच ॲलर्जी आहे. तिसरं कारण हमखास नजरेतून सुटतं. बेसमध्ये सेटोस्टिअरिल अल्कोहोल आणि क्लोरोक्रेसोल असतात आणि काहींना त्यांची ॲलर्जी होते. स्टेरॉइड ती अर्धवट दाबून ठेवतं, त्यामुळे चट्टा ना बरा होतो ना बिघडतो. अशा वेळी पुवाची तपासणी किंवा ॲलर्जी शोधणारी पॅच टेस्ट करणं, नवी ट्यूब आणण्यापेक्षा कामाचं.

बरं होऊन पुन्हा पुन्हा चिघळत असेल तर मॉइश्चरायझरच्या डबीकडे बघा. बोटं बुडवून वापरलेल्या डबीत जंतू बसतात आणि रोज परत त्वचेवर येतात. पंपाची बाटली किंवा ट्यूब घ्या, डबीच असेल तर स्वच्छ चमचा वापरा. टॉवेल वेगळा ठेवा.

काही लक्षणांना क्रीम हे उत्तरच नाही. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, चट्ट्यापासून वर सरकणारी रेघ, खूप दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इसबावर अचानक एकाच आकाराचे, बारीक, पोखरल्यासारखे गोल व्रण झुंडीने आले तर तो हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तिथे स्टेरॉइड लावणं घातक आहे आणि वेळ दवडणंही. आणि महिनोन् महिने हे क्रीम लावलेलं असेल, बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त भाग पेटल्यासारखा जळजळत असेल, तर पुन्हा तीच ट्यूब उघडू नका. ती स्टेरॉइड सोडल्याची प्रतिक्रिया असू शकते आणि ते कसं सोडवायचं हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवावं.

शेवटी आमची या उत्पादनाविरुद्धची खरी तक्रार: ट्यूब गरजेपेक्षा मोठी असते. सात ग्रॅमचं काम आणि तीस ग्रॅमची ट्यूब, मग उरलेलं कुणाच्या तरी नायट्यावर जातं. मिळेल ती सगळ्यात लहान ट्यूब मागा. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवर लिहा, खोक्यावर उघडल्यानंतर किती महिने वापरता येईल ते छापलेलं असेल तर ते पाळा, आणि उपचार संपल्यावर उरलेली ट्यूब औषधाच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या. दुसऱ्याला देऊ नका, चट्टा अगदी तसाच दिसत असला तरी.